बारा कोटींची एक संख्या: मोठ्या पूर्ण संख्येचे गुणधर्म कागदावर कसे तपासावेत

एखादी आठ-नऊ अंकी संख्या समोर आली आणि ती मूळ आहे का, तिचे विभाजक किती, ती वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येईल का असे प्रश्न पडले, की नवखा माणूस बहुधा २, ३, ५, ७ असे क्रमाने भागत सुटतो आणि शंभरीच्या आसपास पोहोचल्यावर कंटाळून थांबतो. मीही तेच केले होते. वहीची सहा पाने भरली, प्रत्येक ओळीत ‘भाग जात नाही’ एवढेच लिहिलेले होते, आणि शेवटी हाती काहीच नव्हते. चूक भागाकारांत नव्हती. प्रत्येक भागाकारातून मिळालेली बाकी मी टाकून देत होते, आणि संख्येची खरी माहिती तर त्या बाकीतच होती.

हा लेख त्या अनुभवातून लिहिला आहे. उदाहरण म्हणून १२,३४,५६,७८९ ही संख्या घेतली आहे. ती लक्षात ठेवायला सोपी आहे, दिसायला अगदी साधी आहे, आणि तिच्यात नवख्यांना अडकवणाऱ्या जवळजवळ सगळ्या जागा आहेत. शालेय गणितापलीकडे काही लागणार नाही. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका, कारण पुढच्या पायरीत मागच्या पायरीची नोंद वापरली आहे.

लागणारे साहित्य

चौकटींची वही असावी, म्हणजे अंक एकाखाली एक नीट येतात. ६१ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी पहिल्या पानावर लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. किमान दहा अंक दाखवणारा साधा कॅल्क्युलेटर गुणाकारांसाठी चालेल. १ ते १०० च्या वर्गांचा तक्ता हाताशी असला तर पाचव्या पायरीत वेळ वाचेल. अवयव काढून देणारे तयार संगणकीय साधन मात्र काम पूर्ण होईपर्यंत उघडू नका. उत्तर आधी दिसले की पायऱ्या चाळून जाण्याचा मोह होतो.

१. संख्या दोन प्रकारे लिहून घ्या

पहिली ओळ आपल्या नेहमीच्या पद्धतीने लिहा: १२,३४,५६,७८९, म्हणजे बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. तिच्याखाली हीच संख्या उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून लिहा: १२३ | ४५६ | ७८९.

या दुसऱ्या ओळीशिवाय पुढे जाऊ नका. ७, ११, १३, २७ आणि ३७ यांच्या कसोट्या तीन अंकांच्या गटांवर चालतात, आणि आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात. मी पहिल्या वेळी स्वल्पविरामांनाच गट समजून १२, ३४, ५६ आणि ७८९ यांची बेरीज-वजाबाकी केली होती. त्यातून आलेल्या सर्व बाक्या चुकीच्या होत्या आणि ते कळेपर्यंत एक संध्याकाळ गेली.

अंकही मोजून ठेवा. येथे नऊ अंक आहेत आणि त्यांची बेरीज ४५ आहे.

२. बाक्यांचा तक्ता तयार करा

आता भागाकार न करता शक्य तितक्या बाक्या मिळवा.

४ ने भागल्यावरची बाकी शेवटच्या दोन अंकांवरून कळते: ८९ मधून ८८ गेले, बाकी १. ८ साठी शेवटचे तीन अंक पाहा: ७८९ मधून ७८४ गेले, बाकी ५. ५ साठी शेवटचा अंक ९, म्हणून बाकी ४. ९ साठी अंकांची बेरीज ४५ पुरेशी आहे. तिला ९ ने निःशेष भाग जातो, म्हणून बाकी ०, आणि अर्थात ३ चीही बाकी ०.

७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एकाच वेळी होते, कारण ७ × ११ × १३ = १००१. तीन अंकांचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक आणि वजा करा: ७८९ − ४५६ + १२३ = ४५६. आपल्या संख्येला १००१ च्या कोणत्याही विभाजकाने भागल्यावर जी बाकी उरते, तीच ४५६ ला भागल्यावर उरते. ४५५ ला ७ नेही भाग जातो आणि १३ नेही, म्हणून दोन्ही बाक्या १. ११ ने ४५१ ला भाग जातो, म्हणून बाकी ५.

२७ आणि ३७ यांच्यासाठी २७ × ३७ = ९९९ याचा उपयोग करा. येथे गटांची सरळ बेरीज घ्यायची: १२३ + ४५६ + ७८९ = १३६८, आणि पुन्हा १ + ३६८ = ३६९. त्यास २७ ने भागले तर बाकी १८, ३७ ने भागले तर बाकी ३६.

तक्ता असा झाला:

२ ची बाकी १
४ ची बाकी १
८ ची बाकी ५
५ ची बाकी ४
९ ची बाकी ०
२७ ची बाकी १८
७ ची बाकी १
११ ची बाकी ५
१३ ची बाकी १
३७ ची बाकी ३६

या दहा ओळींना दहा मिनिटेही लागत नाहीत आणि पुढे यांतील प्रत्येक ओळ कोठे ना कोठे कामाला येईल, असे समजून त्या स्वच्छ अक्षरात लिहा.

३. पूर्ण वर्ग आणि त्रिकोणी संख्या या शक्यता आधी निकालात काढा

शेवटचा अंक ९ असल्यामुळे संख्या पूर्ण वर्ग असू शकेल असे वाटते, कारण ३ आणि ७ यांचे वर्ग ९ वर संपतात. ४ ची बाकी १ आहे, तीही विषम वर्गाला शोभणारी आहे. बरेच जण येथे वर्गमूळ काढायला बसतात. त्याआधी ८ ची बाकी पाहा. कोणत्याही विषम संख्येच्या वर्गाला ८ ने भागल्यास बाकी नेहमी १ उरते. आपली बाकी ५ आहे. म्हणून ही संख्या पूर्ण वर्ग नाही, आणि हे ठरवण्यासाठी एकही भागाकार करावा लागला नाही.

तरी वर्गमूळाचा अंदाज हवाच, कारण तो पुढे लागणार आहे. १११११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ होतो. आपली संख्या त्याहून केवळ २४६८ ने मोठी आहे. हा २४६८ वहीत ठळक लिहून ठेवा.

त्रिकोणी संख्या म्हणजे १ + २ + ३ अशा क्रमवार बेरजेने मिळणारी संख्या. तिची कसोटी अशी की संख्येची आठपट करून त्यात १ मिळवल्यास पूर्ण वर्ग आला पाहिजे. येथे ९८,७६,५४,३१३ मिळतात. शेवटचा अंक ३ आहे आणि कोणताही पूर्ण वर्ग ३ वर संपत नाही, म्हणून ही शक्यताही संपली. (आठपटीत १ ऐवजी ९ मिळवले असते तर ९८,७६,५४,३२१ आले असते. हे समीकरण शेवटी पुन्हा लागेल.)

४. लहान मूळ अवयव बाहेर काढा

तक्त्यात शून्य बाकी फक्त ३ आणि ९ यांची आहे. ९ ने भागा: १२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१.

आता थांबून विचारा की ३ आणखी एकदा जातो का. एक मूळ अवयव सापडला की तो पुन्हा पुन्हा जातो का हे न पाहणे ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. येथे २७ ची बाकी १८ आहे, शून्य नाही, म्हणून ३ नेमका दोनदाच जातो. खात्रीसाठी १,३७,१७,४२१ च्या अंकांची बेरीज करा. ती २६ येते, म्हणजे ३ ने भाग जात नाही.

५, ७, ११, १३ आणि ३७ यांच्या बाक्या शून्य नाहीत, त्यामुळे ते १,३७,१७,४२१ लाही भागत नाहीत. पुन्हा तपासण्याची गरज नाही.

५. उरलेला भाग दोन वर्गांच्या वजाबाकीने फोडा

येथेच माझी सहा पाने वाया गेली होती. १,३७,१७,४२१ चे वर्गमूळ ३७०३ आणि ३७०४ यांच्या दरम्यान आहे, म्हणजे क्रमाने भागत गेल्यास ३७०३ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या तपासाव्या लागतील. त्यांची संख्या पाचशेहून अधिक आहे, आणि उत्तर अगदी टोकाशी दडलेले आहे.

दुसरा मार्ग असा. कोणत्याही विषम संयुक्त संख्येचे दोन अवयव घेतले तर त्यांच्या सरासरीच्या वर्गातून त्यांच्या निम्म्या फरकाचा वर्ग वजा केल्यास ती संख्या मिळते. म्हणून वर्गमूळाच्या किंचित वरच्या संख्येपासून सुरुवात करून तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. युरोपात ही रीत फ्रेंच गणिती फर्मा यांच्या नावाने ओळखली जाते. १६४३ च्या एका पत्रात त्यांनी २,०२,७६,५१,२८१ ही संख्या अशाच रीतीने ४४०२१ × ४६०६१ अशी फोडून दाखवली होती. त्याआधी सुमारे तीनशे वर्षे, १३५६ मध्ये, नारायण पंडित यांनी ‘गणितकौमुदी’त हीच कल्पना मांडली होती.

पहिला प्रयत्न ३७०४ चा असायला हवा. त्याचा वर्ग १,३७,१९,६१६, वजाबाकी २१९५. ४६ चा वर्ग २११६ आणि ४७ चा २२०९, म्हणून २१९५ हा वर्ग नाही. दुसरा प्रयत्न ३७०५ चा. त्याचा वर्ग १,३७,२७,०२५, वजाबाकी ९६०४. आणि ९६०४ म्हणजे ९८ चा वर्ग.

म्हणून १,३७,१७,४२१ = (३७०५ − ९८) × (३७०५ + ९८) = ३६०७ × ३८०३.

पाचशे भागाकारांच्या जागी दोन वजाबाक्या पुरल्या. तक्ता नीट वापरला असता तर एकच पुरली असती. संख्येची ४ ने बाकी १ आहे, ९ चीही १ आहे, म्हणून भागाकार १,३७,१७,४२१ ची बाकीही १ आहे. विषम वर्गाची बाकी १ आणि सम वर्गाची ०. तेव्हा वजाबाकी १ येण्यासाठी पहिली संख्या विषम आणि दुसरी समच असली पाहिजे. ३७०४ सम आहे, म्हणून तो प्रयत्न करण्याचेच कारण नव्हते. हे मला दुसऱ्यांदा गणित करताना दिसले, आणि त्या दिवसापासून मी बाकी टाकून देणे बंद केले.

एक सावधगिरी आवश्यक आहे. ही रीत दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तेव्हाच वेगवान ठरते. येथे त्यांच्यात केवळ १९६ चे अंतर आहे. याउलट ३०,०२१ ही कितीतरी लहान संख्या घ्या. ती ३ × १०,००७ आहे, आणि या रीतीने गेल्यास १७४ पासून ५००५ पर्यंत ४८३२ प्रयत्न करावे लागतील, तर अंकांची बेरीज ६ पाहून तिचा अवयव क्षणात कळतो. म्हणून चौथी पायरी आधी आणि पाचवी नंतर, हा क्रम सोडू नका. पंधरा-वीस प्रयत्नांत वर्ग मिळाला नाही तर या रीतीचा हट्ट धरू नये आणि क्रमाने भागण्याकडे परतावे.

६. अवयव खरोखर मूळ आहेत हे सिद्ध करा

३६०७ आणि ३८०३ ‘मूळ दिसतात’ एवढ्यावर थांबू नका. ९१ सुद्धा मूळ दिसते, पण ती ७ × १३ आहे.

एखादी संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव तिच्या वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतो. ६० चा वर्ग ३६०० आणि ६१ चा ३७२१. त्यामुळे ३६०७ साठी ५९ पर्यंत तपासणे पुरते, पण ३८०३ साठी ६१ ही तपासावा लागतो. दोन्ही संख्या जवळच्या आहेत म्हणून एकच मर्यादा वापरली तर एक कसोटी राहून जाते.

२ आणि ५ ने भाग जात नाही हे शेवटच्या अंकावरून, आणि ३ ने जात नाही हे अंकांच्या बेरजेवरून (१६ आणि १४) कळते. उरलेल्या बाक्या अशा आहेत. तुमच्या बाक्या यांच्याशी जुळवून पाहा.

३६०७ साठी, ७ पासून ५९ पर्यंत क्रमाने: २, १०, ६, ३, १६, १९, ११, ११, १८, ४०, ३८, ३५, ३, ८.

३८०३ साठी, ७ पासून ६१ पर्यंत क्रमाने: २, ८, ७, १२, ३, ८, ४, २१, २९, ३१, १९, ४३, ४०, २७, २१.

कोठेही शून्य नाही, म्हणून दोन्ही मूळ आहेत. आपल्या संख्येचे संपूर्ण मूळ अवयव ३ × ३ × ३६०७ × ३८०३ असे ठरले.

७. ताळा घ्या

आपल्याकडे गुणाकाराचा ताळा ९ ने घेण्याची जुनी सवय आहे. येथे ती फसवी ठरते. संख्येत ९ हा अवयवच असल्यामुळे तुम्ही ३६०७ च्या जागी चुकून ३६७० लिहिले तरी दोन्हीकडे बाकी शून्यच येईल आणि चूक लपून राहील. शिवाय अंकांची अदलाबदल ९ च्या ताळ्यात कधीच सापडत नाही.

म्हणून ११ चा ताळा घ्या. ३६०७ ची बाकी १०, ३८०३ ची ८, ९ ची ९. आता १० × ८ = ८०, त्याची बाकी ३; ३ × ९ = २७, त्याची बाकी ५. तक्त्यातील ११ ची बाकीही ५ आहे. ७ चा ताळाही घ्या: बाक्या २, २ आणि २, गुणाकार ८, बाकी १. तक्त्याशी जुळते. या बाक्या सहाव्या पायरीत आधीच मिळालेल्या आहेत, त्यामुळे ताळ्याला वेगळा भागाकार लागत नाही.

८. विभाजक, त्यांची बेरीज आणि सहमूळ संख्या मोजा

मूळ अवयव हाती आले की हे भाग झपाट्याने होतात. ३ दोनदा आहे, म्हणून विभाजकात तो शून्य, एक किंवा दोन वेळा येऊ शकतो. बाकीचे दोन प्रत्येकी शून्य किंवा एक वेळा. म्हणून एकूण विभाजक ३ × २ × २ = १२. ते असे: १, ३, ९, ३६०७, ३८०३, १०८२१, ११४०९, ३२४६३, ३४२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि स्वतः संख्या. यादी करताना पहिला व शेवटचा, दुसरा व शेवटून दुसरा अशा जोड्यांचा गुणाकार आपल्या संख्येइतकाच येतो का हे पाहा. एखादा विभाजक सुटला असेल तर तो लगेच उघडा पडतो.

विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ३६०७) × (१ + ३८०३) = १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६. यातून संख्या वजा केली की स्वतःखेरीज इतर विभाजकांची बेरीज ५,४९,६६,०२७ उरते. ही संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून संख्या न्यून आहे. परिपूर्ण नाही आणि विपुलही नाही.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असणाऱ्या, म्हणजे तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसणाऱ्या, संख्या किती, याचे उत्तर ६ × ३६०६ × ३८०२ = ८,२२,६०,०७२. पहिला गुणक ६ का, तर ९ पर्यंत ३ ने भाग न जाणाऱ्या सहा संख्या आहेत म्हणून. येथे घाईने ८ लिहिले जाते, त्यापासून जपा. अंदाज पडताळायचा असेल तर केवळ ३ च्या पटी वगळल्यावर दोन तृतीयांश, म्हणजे ८,२३,०४,५२६ संख्या उरतात. ३६०७ आणि ३८०३ यांच्या पटी फार थोड्या असल्यामुळे आपले उत्तर याहून किंचितच कमी असायला हवे, आणि तसे ते आहे.

९. वर्गांची बेरीज शोधा

४ ने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, हा प्रसिद्ध सिद्धांत अनेकांना ठाऊक असतो. आपल्या संख्येची बाकीही १ आहे, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असणार असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो चूक आहे. सिद्धांत मूळ संख्यांविषयी आहे. संयुक्त संख्येसाठी नियम असा की ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आलेला असला पाहिजे. ३ दोनदा आला आहे, त्याची अडचण नाही. पण ३६०७ आणि ३८०३ या दोघांचीही ४ ने बाकी ३ आहे आणि दोघेही एकेकदाच आले आहेत. म्हणून या संख्येची दोन पूर्ण वर्गांत विभागणी अशक्य आहे. हीच अडचण लहान रूपात पाहायची असेल तर २१ घ्या: बाकी १, पण अवयव ३ आणि ७.

तीन वर्गांचे काय? ज्या संख्येतून ४ चे सर्व अवयव काढल्यावर उरलेल्या भागाची ८ ने बाकी ७ येते, तीच संख्या तीन वर्गांत बसत नाही. हे फ्रेंच गणिती लजांद्र यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवले. आपली ८ ची बाकी ५ आहे, म्हणजे तीन वर्ग नक्की सापडतील. सिद्धांत केवळ अस्तित्वाची हमी देतो, वर्ग शोधून देत नाही. पण तिसऱ्या पायरीतील २४६८ येथे उपयोगी पडतो. २४६८ = ४ × ६१७, आणि ६१७ ही ४ ने बाकी १ उरणारी मूळ संख्या आहे; २५६ + ३६१ = ६१७, म्हणजे १६ आणि १९ यांचे वर्ग. दोघांची दुप्पट केली की २४६८ = ३२ चा वर्ग + ३८ चा वर्ग. त्यामुळे

१२,३४,५६,७८९ = १११११ चा वर्ग + ३८ चा वर्ग + ३२ चा वर्ग.

१२,३४,५४,३२१, १४४४ आणि १०२४ यांची बेरीज स्वतः करून पाहा. पहिल्याच प्रयत्नात असे जुळून येणे दुर्मीळ असते. एरवी वर्गमूळापासून एकेक खाली उतरत उरलेली संख्या दोन वर्गांत बसते का हे तपासावे लागते.

१०. अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म: कापरेकरांच्या कसोट्या

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे स्वतःचे होते. आता येणारे गुणधर्म ती दशमान पद्धतीत कशी लिहिली जाते यावर अवलंबून आहेत. या क्षेत्रात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले कापरेकर नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवत, आणि त्यांनी नाव दिलेल्या संख्या आज जगभर त्याच नावांनी अभ्यासल्या जातात. १११११ चा वर्ग १२३४५४३२१ वर आला, तोही त्यांच्या डेम्लो संख्यांपैकी आहे. हे नाव मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून आले.

हर्षद संख्या. संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग गेला पाहिजे. बेरीज ४५ आहे; ९ ने भाग जातो, पण ५ ची बाकी ४ आहे. म्हणून संख्या हर्षद नाही. शेवटी एक शून्य जोडा, आणि १,२३,४५,६७,८९० ला ४५ ने भाग जाऊन २,७४,३४,८४२ येतात. बेरीज तीच राहिली आणि ५ चा अवयव मिळाला.

कापरेकर संख्या. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केल्यास तीच संख्या परत मिळावी, जसे ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. आपल्या संख्येचा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१ आहे. तो कॅल्क्युलेटरवर किंवा स्प्रेडशीटवर काढू नका. स्प्रेडशीट पंधराच अंक जपते आणि शेवटचे २१ हे अंक शून्य करून दाखवते, तेही कोणतीही सूचना न देता. उजवे नऊ अंक वेगळे केल्यास १,५२,४१,५७८ + ७५,०१,९०,५२१ = ७६,५४,३२,०९९ येतात; म्हणून संख्या कापरेकर नाही. खरे तर वर्ग काढण्याचीही गरज नव्हती. नऊ अंकी संख्या कापरेकर असेल तर संख्या आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांच्या गुणाकाराला ९९,९९,९९,९९९ ने भाग जातो, म्हणजे ३७ नेही जातो. तक्त्यात ३७ ची बाकी ३६ आहे. एकने लहान संख्येची ३५. ३७ मूळ असल्यामुळे गुणाकाराला भाग जाणे शक्य नाही.

स्वयंभू संख्या. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. पहिली दुसरीची जनक. २० आणि ३१ यांना जनक नाही, म्हणून त्या स्वयंभू. आपल्या संख्येला जनक आहे का? संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांची ९ ने बाकी समान असते, आणि येथे दोघांची मिळून बाकी ० हवी. म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीतच असली पाहिजे. ९, १८, २७ असे ७२ पर्यंत आठच उमेदवार उरतात. ते वजा केल्यास शेवटचे तीन अंक ७८०, ७७१, ७६२, ७५३, ७४४, ७३५, ७२६, ७१७ असे येतात, आणि या प्रत्येकात एकूण बेरीज ३६ च भरते. तेव्हा केवळ ३६ वजा करून मिळालेली १२,३४,५६,७५३ हीच जनक, आणि ती एकमेव आहे. मला या संख्येची हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

उतरत्या-चढत्या क्रमाची वजाबाकी. कापरेकरांनी १९४९ मध्ये दाखवले की सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन उतरत्या क्रमातून चढता क्रम पुन्हा पुन्हा वजा केला की ६१७४ वर येऊन थांबतो. नऊ अंकांसाठी असा एकच मुक्काम नाही, पण आपली संख्या पहिल्याच वजाबाकीत स्थिरावते: ९८,७६,५४,३२१ − १२,३४,५६,७८९ = ८६,४१,९७,५३२. या उत्तरातही १ ते ९ हे अंक एकेकदाच आहेत, त्यामुळे पुढची वजाबाकी तीच होते आणि उत्तर बदलत नाही.

११. पुढची संख्या

सरावासाठी ९८,७६,५४,३२१ घ्या. ती आपल्या संख्येची आठपट अधिक ९ आहे, म्हणून दोघींचा मसावि ९ च्या पलीकडे जाऊ शकत नाही, आणि ३६०७ किंवा ३८०३ तिला भागणार नाहीत हे सुरुवातीलाच लिहून टाका. ९ काढल्यावर उरलेल्या भागाला १७ ने भाग जातो, आणि येथेच चौथ्या पायरीतील इशारा आठवा: १७ पुन्हा एकदा जातो. शेवटी ३,७९,७२१ उरतात. ती मूळ आहे, पण तिचे वर्गमूळ ६१६ च्या वर असल्यामुळे सिद्धतेसाठी ६१३ पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी लागेल. ती करून मगच बसा.